पाणवठा, मैदान आणि कट्टा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण प्रतिवर्षी येथे जमतो, त्यांनी आयुष्यभर लोकांत बसून, लोकांशी बोलून विचार केला. म्हणून त्यांच्या स्मृतीस वाहिलेल्या व्याख्यानासाठी, लोक ज्या जागी बसतात आणि बोलतात त्या जागांचाच विषय मी निवडला, तर तो अप्रस्तुत ठरणार नाही अशी मला आशा आहे. शहराचे वर्णन करावयास बसलेला मनुष्य बहुधा इमारतींपासून प्रारंभ करतो. कोणाचा वाडा केवढा, कोणत्या गिरणीचे धुराडे किती उंच, कोणत्या स्टेशनाचा घुमट किती देखणा, हे तो सांगतो. मी आज इमारतींविषयी बोलणार नाही. इमारतींच्या मध्ये जी मोकळी जागा उरते, जिचे भाडे कोणी कोणास देत नाही, आणि जेथे उभ्या राहिलेल्या माणसाला ‘आपण कोण, येथे काय काम आहे’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाही नसावा, अशा जागेविषयी मला बोलावयाचे आहे. तसा अधिकार कोणाला नसावा हे तत्त्व आपण सारेच मान्य करू. प्रत्यक्षात मात्र तो अधिकार कोणी ना कोणी सदैव बजावीत आला आहे. आणि तो मोडून काढण्यासाठी सामान्य माणसांनी जी धडपड केली, तिचा इतिहास हाच माझ्या मते आपल्या शहरांच्या सामाजिक जीवनाचा खरा इतिहास आहे.

आपली अशी समजूत असते की, सरकारने किंवा नगरपालिकेने एखादी जागा सार्वजनिक म्हणून जाहीर केली, नकाशावर हिरव्या रंगाने दाखविली, दरवाज्यावर पाटी लावली, की ती जागा सार्वजनिक झाली. मला तसे वाटत नाही. ठरावाने जागा सार्वजनिक होत नाही. ती वहिवाटीने सार्वजनिक होते. आणि वहिवाट ही कोणी देत नसते, ती पाडावी लागते. पुष्कळदा मार खाऊन पाडावी लागते. एवढे एकच सांगण्यासाठी मी येथे उभा आहे. बाकी सारे त्याचे विवरण आहे.

प्रथम पाणवठ्याचा विचार करू, कारण आपल्या देशात सार्वजनिक जागेचा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे उभा राहिला तो पाण्यापाशी. पुणे शहराकडे पाहा. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळांतून शहरात आणून पेठापेठांतील हौदांत सोडण्यात आले. स्थापत्याच्या दृष्टीने ही योजना थोर होती, यात शंका नाही. काळा हौद, नाना हौद ही नावे आजही पुणेकरांच्या बोलण्यात आहेत. परंतु शहराच्या पोटातून वाहत आलेले ते एकच पाणी हौदात पडल्याबरोबर जातीजातींत विभागले जात होते, हेही तितकेच खरे. पाणी सर्वांचे होते, घडा मात्र कोणी बुडवावा हे ठरलेले होते. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या राहत्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी काय केले याचा नीट विचार करावा असे मला वाटते. तो हौद खासगी होता. म्हणजे शहरातील सार्वजनिक हौद ज्यांना बंद होते, त्यांच्यासाठी एका गृहस्थाने आपली खासगी जागा सार्वजनिक केली! नगराच्या कर्तव्याचा भार एका घराने उचलला. जी व्यवस्था स्वतःला सार्वजनिक म्हणवीत होती ती किती पोकळ होती, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा कोणता हवा?

या घटनेनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला आणि 1923 च्या ऑगस्ट महिन्यात सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलने मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा उपयोग करण्याची अस्पृश्य वर्गास मुभा असावी, असा तो ठराव होता. पुढील वर्षी महाडच्या नगरपालिकेने त्याच धोरणानुसार आपले चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. आता कागदोपत्री पाहिले तर प्रश्न मिटला होता. कौन्सिलचा ठराव होता, सरकारचा हुकूम होता, नगरपालिकेची संमती होती. आणि तरीही एकाही अस्पृश्य माणसाने त्या तळ्यावर पाऊल ठेवले नाही. का ठेवले नाही? कारण ठराव दप्तरात होता आणि धाक तळ्याच्या काठावर होता.

1927 च्या मार्चमध्ये महाडला अस्पृश्य वर्गाची परिषद भरली, तेव्हा परिषदेस आलेल्या हजारो लोकांच्या पिण्यासाठी 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. पाण्याने भरलेले तळे गावात, ते खुले असल्याचा ठराव नगरपालिकेत, आणि पाणी विकत! 20 मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मिरवणुकीने तळ्यावर गेले, पाण्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यांच्या मागून सारा समुदाय प्याला. नंतर काय झाले ते आपणास ठाऊक आहे. आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली. परत निघालेल्या, जेवावयास बसलेल्या निःशस्त्र माणसांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव परत घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरवावयाची तर तिला जागा द्यावयास कोणी हिंदू तयार होईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. येथेही पुन्हा तेच दिसते: सार्वजनिक जागेचा हक्क मागण्यासाठी जमावयाचे, तर त्या जमण्यासाठीही एका व्यक्तीच्या औदार्यावर विसंबावे लागले.

या प्रकरणाचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, म्हणून मी तेथे थोडा रेंगाळतो. सनातनी पक्षाने दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, तळे मुळात नगरपालिकेचे नव्हेच, ते खासगी आहे. आणि ते नगरपालिकेचे मानले तरी अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादी कालापासून चालत आली आहे. म्हणजे वहिवाटीचे हत्यार दोघांच्याही हाती होते. हा दावा खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात जात जात 10 वर्षे चालला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने अखेरचा निकाल दिला: तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे, आणि मज्जाव करण्याची अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. ओंजळभर पाण्यासाठी 10 वर्षे! महाड हे काही मोठे नगर नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण मुंबई काय, पुणे काय, नागपूर काय, आपल्या कोणत्याही नगरातील कोणत्याही उद्यानात आज जो कोणी निःशंक मनाने बाकावर जाऊन बसतो, त्याच्या त्या निःशंकतेचे मूळ महाडच्या त्या घाटाच्या पायरीवर आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. नळ घरोघर आले, तेव्हा पाणवठ्यावरचा हा झगडा शहरांतून ओसरला. आणि त्याबरोबर पाणवठ्यावरचा सहवासही ओसरला. चाळीच्या सार्वजनिक नळावर बायकांची भांडणे होत, तशा सोयरिकीही जुळत. कोणाकडे चूल पेटली नाही हे सर्वांच्या आधी तेथे कळे. पण त्यासाठी मी हळहळणार नाही. पहाटे 4 ला उठून हंडे भरणाऱ्या स्त्रीच्या मानेवरचा भार उतरला, याहून मोठे सामाजिक कार्य कोणते? सहवास हवा म्हणून कष्ट राखून ठेवा, असे म्हणण्याचा अधिकार ज्यांनी हंडा उचललेला नाही त्यांना नाही. प्रश्न इतकाच की, कष्टाच्या निमित्ताने जो सहवास घडत होता तो विश्रांतीच्या निमित्ताने घडावा, यासाठी शहराने त्या स्त्रियांना कोणती जागा दिली? याकडे मी शेवटी येईन.

आता मैदान. मुंबईच्या किल्ल्याबाहेर तोफांच्या माऱ्याला आडोसा राहू नये म्हणून इंग्रजांनी विस्तीर्ण जमीन मोकळी ठेवली होती. म्हणजे आज आपण ज्यांना ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान म्हणतो, त्या जागा लोकांच्या विरंगुळ्यासाठी निर्माण झाल्या नाहीत. त्यांचा जन्म युद्धाच्या हिशेबातून झाला. 1860 नंतर, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, किल्ल्याचे तट पाडले गेले, आणि तोफांसाठी राखलेली ती जमीन शहराच्या वाट्याला आली. तेथे पारशी मुले क्रिकेट खेळू लागली, मागोमाग हिंदू आणि मुसलमान मुले आली. परवानगी कोणी दिली? कोणीही नाही. ती खेळत राहिली म्हणून ते क्रीडांगण झाले.

पण साहेब लोकांनी आपल्या जिमखान्याचे गवत सुरक्षित ठेवून, ज्या भागात ही शेकडो मुले खेळत त्याच भागात पोलोचे घोडे आणले. टापांनी जमीन उखडली जाऊ लागली, चेंडू सरळ उसळेना. तेव्हा या तरुणांनी 1880 नंतरच्या वर्षांत सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले, दाद मागितली. मूठभर साहेबांच्या पोलोसाठी शेकडो रयतेचा खेळ मोडावा काय, असा त्या अर्जांचा साधा प्रश्न होता. काँग्रेसची स्थापना व्हावयाची होती. राजकीय हक्क म्हणजे काय हे सुशिक्षितही अजून चाचपडत होते. आणि या मुलांनी नागरिकत्वाचा पहिला धडा एका खेळपट्टीवरून गिरविला. मला या गोष्टीचे मोठे मोल वाटते. मनुष्य हक्काची भाषा ग्रंथांतून शिकतो त्याहून अधिक, आपल्या पायाखालची जमीन कोणी हिसकावून घेऊ लागला म्हणजे शिकतो.

तोडगा जो निघाला तो मात्र तितकासा शुभ नव्हता. समुद्राकाठच्या जमिनीवर पारशी, मुसलमान आणि हिंदू अशा तीन जिमखान्यांना तीन तुकडे मिळाले. एका मैदानावर मिसळून खेळणारी मुले आपापल्या धर्माच्या कुंपणात गेली, आणि पुढे चौरंगी व पंचरंगी सामने धर्माधर्मांमध्येच खेळले गेले. 1946 पर्यंत ते चालले. जागा जशी आखावी तसा समाज आखला जातो, याचे हे उदाहरण विसरण्यासारखे नाही.

याच क्रीडांगणावर पाळवणकर बाळू हा चर्मकार समाजातील असामान्य गोलंदाज खेळला. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता साहेबांना चेंडू टाकून त्याने आपली विद्या साधली होती. हिंदूंना त्याच्यावाचून सामना जिंकता येईना, म्हणून त्याला संघात घेतले. मैदानावर तो चेंडू सर्वांच्या हातून फिरत होता. परंतु चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू तंबूत बसत आणि बाळूला बाहेर मातीच्या पात्रात चहा दिला जाई. मैदान आणि तंबू यांच्यामध्ये पावले ती किती असतील! 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात या माणसाने 100 हून अधिक बळी घेतले. आणि 1923 साली त्याचा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला. मैदानाने तंबूला अखेर नमविले, असे मी म्हणेन. उघड्यावर, हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जे गुण दिसतात ते नाकारणे फार काळ शक्य होत नाही. बंद दारांआडचा अन्याय पिढ्यान्‌पिढ्या टिकतो; उघड्या मैदानावर त्याला साक्षीदार मिळतात.

मैदानाचे राजकीय कार्य आपणास सुपरिचित आहे, म्हणून मी ते थोडक्यात सांगतो. गवळी जेथे गुरे धूत असत त्या गवालिया टँकच्या जागी 8 ऑगस्ट 1942 रोजी ‘छोडो भारत’चा ठराव झाला, आणि दुसऱ्या दिवशी नेते अटकेत असताना अरुणा असफ अली यांनी तेथे झेंडा फडकविला. फ्लोरा फाउंटनपाशी 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, आणि त्या कारंज्याचा परिसर हुतात्मा चौक झाला. नकाशे करणाऱ्यांनी हे नाव दिलेले नाही; ते रक्ताने दिले आहे. आणि 2018 च्या मार्चमध्ये, नाशिकहून पायी निघालेले हजारो शेतकरी आणि आदिवासी मुंबईच्या वेशीपाशी पोहोचले, तेव्हा दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा आहे, मुलांना वाहतुकीची तसदी होऊ नये, म्हणून फुटलेल्या पायांनी ते रात्रीच चालत आझाद मैदानावर गेले. शहराने त्यांना सार्वजनिक सभ्यता शिकविली नाही. त्यांनी ती शहराला शिकविली. पहाटे रस्त्याच्या कडेला पाणी आणि बिस्किटे घेऊन उभे राहिलेले मुंबईकरही मी त्याच सभ्यतेत धरतो. जेथे असे लोक येऊन बसू शकतात अशी जागा राजधानीच्या मध्यभागी असणे, ही राज्यकर्त्यांची मेहेरबानी नव्हे. ती राज्याची गरज आहे. ज्या राजधानीत रयतेला येऊन बसावयास जागा नाही, तिला रयतेचे दुःख कळणार कोठून?

आणि आता कट्टा. दादरच्या शिवाजी पार्कचे उदाहरण मी घेतो, कारण तेथे मैदान आणि कट्टा दोन्ही एकत्र नांदतात. सुमारे 28 एकरांचे हे मैदान मुंबई महापालिकेने 1925 मध्ये लोकांस खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. 1927 साली, शिवजन्माची त्रिशताब्दी त्या वेळच्या गणनेप्रमाणे साजरी होत असताना, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्यास शिवछत्रपतींचे नाव दिले गेले. पुढे त्याच्याभोवती ठेंगणी भिंत उभी राहिली, तोच कट्टा; लांबी एक किलोमीटरहून अधिक. ती भिंत अडविण्यासाठी बांधली असेल, पण उंची अशी की कोणासही तिच्यावर टेकावेसे वाटावे. कुंपण आणि आसन यांत फरक असतो तो वीतभर उंचीचा. तीच भिंत पुरुषभर उंच असती, तिच्यावर भाले रोवले असते, तर दादरचे सामाजिक जीवन आज जसे आहे तसे झाले असते काय?

त्या कट्ट्यावर संध्याकाळी कोण बसत नाही? निवृत्त कारकून बसतो, महाविद्यालयीन मुले बसतात, आतल्या जाळ्यांत सराव करणाऱ्या नातवाची वाट पाहणारी आजी बसते, कामावरून परतणारी परिचारिका क्षणभर चपला काढून बसते. ही माणसे एकमेकांच्या घरी जात नाहीत. पुष्कळांना एकमेकांची आडनावेही ठाऊक नसतात. तरीही एखादा म्हातारा चार दिवस दिसला नाही, तर कोणीतरी विचारतो. हा संबंध नात्याचा नव्हे, जातीचा नव्हे, धंद्याचा नव्हे. तो केवळ नित्य दृष्टिभेटीचा आहे. आपल्या समाजशास्त्रात या संबंधाला अजून पुरेसे मोल मिळालेले नाही. गावात माणूस ओळखीने जगतो. शहरात तो अनोळखी माणसांवरच्या विश्वासाने जगतो, आणि हा विश्वास अशा कट्ट्यांवर, पाण्याच्या थेंबाथेंबाने तळे साचावे तसा, नकळत साचत असतो.

आणि दरवर्षी डिसेंबरच्या 6 तारखेस याच मैदानाचे रूप पालटते. चैत्यभूमीच्या दर्शनास महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून, विदर्भ-मराठवाड्यातून, देशाच्या अन्य प्रांतांतून लक्षावधी माणसे येतात आणि या मैदानावर मुक्काम करतात. येथे पुस्तकांची दुकाने लागतात. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या ओट्यावर चढता येत नव्हते, ती माणसे हातातल्या पिशवीत ग्रंथ भरून परत जातात. आजूबाजूच्या काही सुखवस्तू घरांतून गर्दीविषयी आणि अस्वच्छतेविषयी तक्रारी होतात, हे मी जाणतो. त्या तक्रारी करणाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे: ही माणसे आपल्या अंगणात आलेली नाहीत, स्वतःच्या मालकीच्या जागेत आलेली आहेत. महाडला जी वहिवाट पडली, तीच ती येथे चालवीत आहेत. पाणी आणि स्वच्छतागृहे पुरविणे हे यजमान नगराचे काम. ते अपुरे पडले तर दोष पाहुण्याचा नव्हे.

वहिवाट पाडावी लागते, असे मी प्रारंभी म्हणालो. ती मोडतेही, हे आता सांगावयास हवे. उद्यानाला प्रथम दिवे लागतात, मग रंगीत कारंजे, मग पहारेकरी, मग वेळापत्रक. दुपारी 12 ते 4 उद्यान बंद! म्हणजे ज्या वेळी उन्हात काम करणाऱ्या हमालाला आणि फेरीवाल्याला झाडाची सावली हवी असते, नेमक्या त्याच वेळी सावलीला कुलूप. बाकांना मध्ये लोखंडी दांडे बसवितात, की कोणी थकून आडवे होऊ नये. मैदानाचा एक कोपरा सुशोभनासाठी जातो, दुसरा वाहनतळासाठी, तिसरा एखाद्या संस्थेच्या ताब्यात. प्रत्येक वेळी कारण सयुक्तिक असते, आणि प्रत्येक वेळी जागा आखडते. त्याऐवजी आपल्याला मिळतात ती वातानुकूलित दालने. तेथे प्रवेशास मूल्य नाही खरे, पण दारातला पहारेकरी आपल्या चपलांकडे पाहून आपली किंमत ठरवितो. ही दालने आणि सार्वजनिक जागा यांत गल्लत होता कामा नये.

मघाशी मी स्त्रियांच्या प्रश्नाकडे शेवटी येईन म्हणालो होतो. संध्याकाळी 7 वाजता कोणत्याही शहराच्या कोणत्याही चौकात उभे राहून पाहावे. पुरुष रेंगाळताना दिसतील. स्त्रिया दिसतील त्या चालताना: हातात भाजीची पिशवी, मुलाचे बोट, कामाची घाई. निष्कारण उभी असलेली स्त्री आपल्याला दिसत नाही, आणि दिसली तर आपण तिच्याकडे संशयाने पाहतो. पाण्याच्या निमित्ताने एके काळी तिला घराबाहेर जी जागा होती, तिच्या बदली आपण तिला निर्हेतुक बसण्याची जागा दिली नाही. याची कारणे आपल्या मनांत आहेत तशी ती विटासिमेंटातही आहेत. मुंबईतील कार्यकर्त्या स्त्रियांनी सार्वजनिक मुतारीच्या हक्कासाठी चळवळ उभारली, तेव्हा काही प्रतिष्ठितांना तो विषय व्यासपीठावर उच्चारण्यायोग्य वाटला नाही. मी तो या व्यासपीठावरून मुद्दाम उच्चारतो. जी स्त्री बाहेर पडण्यापूर्वी पाणी पिण्याचे टाळते, तिच्यासाठी उद्यानाचे दार उघडे असून उपयोग काय? बोले यांच्या ठरावाप्रमाणे सर्व जागा कागदावर खुल्या, आणि प्रत्यक्षात पाऊल ठेवण्याची सोय नाही: हा 1924 च्या महाडचाच प्रकार आहे, केवळ त्याचे रूप निराळे.

म्हणून या नगराच्या पालिकेचे जे सभासद आज सभागृहात उपस्थित आहेत, त्यांच्यापुढे मी तीन मागण्या ठेवतो. उद्यानांची दुपारची कुलपे काढावीत. प्रत्येक मैदानापाशी आणि प्रत्येक मंडईपाशी स्त्रियांसाठी विनामूल्य, स्वच्छ, रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे स्वच्छतागृह असावे, आणि त्याची तरतूद अंदाजपत्रकात वेगळ्या बाबीखाली दाखवावी. तिसरी मागणी अशी की, मैदानाचा कोणताही तुकडा, कोणत्याही कारणाने, कितीही अल्प मुदतीसाठी कोणाच्या ताब्यात द्यावयाचा असेल, तर तो प्रस्ताव त्याच मैदानावर जाहीर सभेत वाचून दाखवावा आणि तेथे नित्य बसणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज त्यावर निर्णय करू नये. ही मागणी लेखी स्वरूपात मी सोबत आणली आहे. व्याख्यान संपल्यावर ती अध्यक्षांच्या मेजावर ठेवीन, आणि ज्या श्रोत्यांना ती मान्य असेल त्यांनी बाहेर जाण्यापूर्वी तिच्यावर सही करावी.